साक्ष वाचताना पाणी थांबतं

वझे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं बोट एका मडक्याच्या भोकावर होतं.

गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण होतं ते तसंच होतं, त्याला मी काय करू? नोकरीतून निवृत्त होऊन मला फार दिवस झाले नव्हते. तळ्याकाठच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी भाषणाची सभा भरते, कुणीही यावं, असं शेजारणीने सांगितलं म्हणून गेले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. इलोक्युशनची बक्षिसं मी तिथे ओळीने मिळवली होती. हात कधी छातीशी न्यायचा, नजर कधी खिडकीकडे वळवायची, हे सगळं सिस्टरांनी घोटून घेतलेलं. मराठीत चारचौघांसमोर बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळूला चिकटायची.

त्या शनिवारी मी तळ्याच्या स्वच्छतेवर बोलायला उभी राहिले. टेबलावर दोन मडकी होती. एक विटांवर उंच ठेवलेलं, एक खाली. वरच्याच्या बुडाजवळ एक भोक आणि त्यातून खालच्यात पडणारी बारीक धार. वरचं पाणी संपलं की भाषण संपलं. मी वर्तमानपत्राचं कात्रण काढून वाचायला लागले, तेवढ्यात समोरचे वृद्ध गृहस्थ पुढे झुकले आणि त्यांनी भोकावर बोट दाबून धरलं. मी थांबले.

"वाचा, वाचा," ते म्हणाले.

"पण तुम्ही पाणी बंद केलंत."

"साक्ष वाचताना पाणी थांबवतात. अथेन्सच्या न्यायालयात तसंच होतं. कायदा वाचायचा, साक्षीदाराचं म्हणणं वाचायचं, तो वेळ बोलणाऱ्याच्या हिशेबात धरत नसत. तुमचं वाचून होईपर्यंत बोट काढत नाही."

मी वाचलं. बोट निघालं. मी शिकवल्याप्रमाणे हात छातीशी नेला.

"बाई, छातीत दुखतंय का?" सरांनी काळजीने विचारलं.

घरी येताना मी ठरवलं होतं, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. त्याला बरीच वर्षं झाली, आणि माझे फारच थोडे शनिवार चुकले असतील. याचा रागही मला सरांवरच काढावासा वाटतो.

प्रा. श्रीधर वझे मूळचे आपट्याचे. पाताळगंगेच्या काठावर लहानपण गेलं, पुढे आयुष्यभर कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतर पनवेलमध्ये ही शनिवारची सभा सुरू केली. सरांचा आवाज बारीक. वर्गातल्या मागच्या बाकापर्यंतही तो पोचत नसे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. मग ध्वनिक्षेपक नसताना टेकडीवर जमलेल्या हजारो माणसांपुढे माणसं बोलायची कशी, ती ऐकायची कशी, आणि ऐकून मत बदलायची कशी, या प्रश्नाने सरांना तरुणपणीच धरलं, ते अजून सोडलेलं नाही. त्याची शिक्षा आम्हाला. आमच्या खोलीत माइक वर्ज्य आहे. बाहेर विमानतळाकडे जाणाऱ्या डंपरांची घरघर, शेजारी लग्नाचा बँड, आणि आम्ही घसा फाडून अथेन्स करतो आहोत.

सरांचं प्राचीन जग पुस्तकात राहत नाही, ही माझी पहिली तक्रार. तिकडे म्हणे सभेला यायला टाळाटाळ करणाऱ्या लोकांना लाल रंगात भिजवलेल्या दोराने हाकत आणत. अंगाला रंग लागलेला माणूस उशिरा आलेला, हे सगळ्यांना दिसे. आमच्याकडे सभेची वेळ झाली तरी निम्मी मंडळी कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीशी उभी. सर एका शनिवारी गेरूत बुडवलेला दोर घेऊन निघाले. त्याचं दुसरं टोक धरायला कोण? मी. दोर फिरवत फिरवत आम्ही सगळ्यांना खोलीत आणलं खरं, पण गाडीवर वडे खाणारे दोन अनोळखी गृहस्थही आत आले आणि भाषण संपेपर्यंत बिचारे बसून राहिले. माझ्या पांढऱ्या कोटा साडीवरचा गेरू आजही गेलेला नाही. "अहो, पुरावा आहे तो," सर म्हणतात, "तुम्ही सभेला वेळेवर होता याचा." वेळेवर असणाऱ्याला रंग लागत नसे, हे त्यांनीच शिकवलेलं. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. सरांसमोर वेळेवर सुचत नाही, ही दुसरी तक्रार.

तिसरी तक्रार थोडी मोठी आहे. सर कुणाच्याही वतीने बोलत नाहीत. कधीच नाही. अथेन्समध्ये ज्याचा खटला त्याने उभं राहायचं, ही रीत त्यांनी अशी धरून ठेवली आहे की जणू कालच तिकडून निरोप आला. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार त्यांच्याकडे भाषण लिहून घ्यायला आले. गळ्यात साखळी, मागे चार माणसं, सगळे त्यांना भाऊ म्हणत होते. सरांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "आधी तुमच्या विरोधकाचं म्हणणं मला सांगा. असं सांगा की तो इथे असता तर म्हणाला असता, हो, हेच माझं म्हणणं."

"सर, चेष्टा करता का? त्याचं चांगलं बोललो तर आमचीच पोरं माझे बॅनर फाडतील."

"मग भाषण नको. घोषणा लिहून घ्या. त्या कोपऱ्यावरचा पेंटरही लिहून देईल."

भाऊ चहा अर्धा टाकून गेले. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "आता आपल्या गल्लीतला खड्डा कधी बुजायचा नाही." तो बुजलेला नाही.

भाऊंना जे जमलं नाही तोच आमच्या सभेचा मुख्य नियम आहे. आपल्याकडच्या जुन्या वादसभांत त्याला पूर्वपक्ष म्हणत. समोरच्याची बाजू आधी मांडायची, आणि तीही लेचीपेची नव्हे, त्याने स्वतः मांडली असती त्याहून चांगली. सरांनी त्यात स्वतःची भर घातली. समोरचा माणूस मान डोलावेपर्यंत आपली बाजू सुरू करायची नाही. मान हलली की पुढे. नाही हलली की पुन्हा पूर्वपक्ष. ग्रीकांचं मडकं आणि आपली मान, असा हा सरांचा संसार आहे. त्यात आमचे शनिवार गेले. आणि याच नियमाने एकदा एका बाईच्या पोटावर पाय येणार होता.

त्या बाई म्हणजे मंजुळाताई. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीण. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर मासळीचे सिमेंटचे ओटे आहेत, त्यातला कोपऱ्याचा ओटा त्यांचा, आधी त्यांच्या सासूचा. सकाळी टमटममधून पाट्या उतरल्या की मांदेली, कोळंबी, निवटे, बांधलेल्या चिंबोऱ्या, आणि त्या सगळ्यांवर मंजुळाताईंचा आवाज. तो आवाज ऐकूनच सरांनी त्यांना सभेत ओढलं. शाकाहारी माणूस, ओट्याजवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "तुम्हाला मागच्या बाकापर्यंत पोचायची अडचण दिसत नाही. शनिवारी या." मंजुळाताईंना वाटलं, कुठेतरी मासळीची ऑर्डर आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या त्या अथेन्सात बायका बोलाच्या का?"

"सभेत नाही. बायकांना सभेत बोलायचा हक्क नव्हता."

"न् बाजारात?"

"बाजारात बोलायच्या. त्यांच्या तोंडाला लोक घाबरत, असं वाचायला मिळतं."

"मंग खरी सभा बाजारातच व्हती की. तुमी चुकीच्या टेकडीव गेलाव."

सर त्या दिवशी इतके खूष झाले की त्यांनी पाणी संपल्यावर मडकं पुन्हा भरलं. माझ्यासाठी ते कधी भरलं नव्हतं.

मग आई पडली. माझी आई नव्वदीकडे झुकलेली. रोज सकाळी काठी टेकत फाटकाबाहेर जाऊन जास्वंदीची फुलं आणायची. मासळी धुतल्याचं पाणी उतारावरून आमच्या फाटकात येतं, त्यावरून तिचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. सोसायटीत आधीपासून धुमसत होतंच, आता निमित्त मिळालं. ओटे हलवून महामार्गापलीकडे न्यावेत असा अर्ज पालिकेकडे गेला. तिथे पायी कुणी जात नाही. ओटा तिकडे जाणं म्हणजे धंदा संपणं, हे मंजुळाताईंना माहीत होतं आणि मलाही. पण आईचा प्लास्टरमधला हात मी रोज उशीवर ठेवत होते, तेव्हा मला दुसऱ्या कुणाचं काही माहीत करून घ्यायचं नव्हतं.

त्या दिवसांत आईने बाहेर पडणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका शनिवारी दुपारी सर रिक्षा घेऊन दारात आले. मला वाटलं, भेटायला आले. ते सरळ आईच्या खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "काकू, माझ्या पाण्याच्या घड्याळाला बोट नाही. मी बोट ठेवतो तर मला ऐकता येत नाही. तुमचा डावा हात बरा आहे ना?"

आईने भिंतीकडचं तोंड वळवलं. "बोट किती वेळ धरायचं?"

"साक्ष वाचून होईपर्यंत."

तेव्हापासून मडक्यावर आई बसते. उजव्या हाताला प्लास्टर असताना डाव्या हाताचं बोट लावून बसायची, आणि कुणी साक्षीच्या नावाखाली स्वतःचंच घोडं दामटायला लागलं की झटकन काढून घ्यायची. तिच्याइतकं कडक बोट सरांचंही नव्हतं. मी सरांवर कितीही चिडले तरी शेवटी इथे येऊन थांबते.

पण थांबण्याआधी आणखी चिडायचं आहे. ओट्यांच्या अर्जावर सुनावणी ठरली. बोलणाऱ्यांच्या यादीत विक्रेत्यांकडून मंजुळाताई आणि त्यांच्यामागोमाग सोसायटीकडून मी. हे कळताच सरांनी काय करावं? आम्हा दोघींना समोरासमोर उभं केलं आणि शनिवारमागून शनिवार तालीम घेतली. मंजुळाताईंनी माझी बाजू मांडायची, मी त्यांची. मान हलेपर्यंत. आम्ही इतक्या भांडलो की वाचनालयाचे ग्रंथपाल दार लावून घ्यायचे. "तू कवा पाटी डोक्याव घेतलीस, बाय?" त्या मला विचारायच्या. "तुमी कधी रात्रीचं म्हाताऱ्या माणसाला बाथरूमला नेलंत?" मी त्यांच्याच सुरात उलट विचारायची. हळूहळू माना हलायला लागल्या. सर खूष. सरांच्या मडक्यात दोन्ही बाजूंना पुरेल इतकं पाणी असायचं, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. सरांच्याही नाही.

सुनावणीला मडकं नव्हतं. घंटा होती, आणि प्रत्येकाला तीन मिनिटं.

मंजुळाताई उभ्या राहिल्या. नवी लाल साडी, केसात अबोली. आवाज असा की अधिकाऱ्यांनी समोरचा माइक बाजूला सारला. आणि त्या सवयीने म्हणाल्या, "आदी समोरच्यांचा सांगतंय." मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. म्हातारी फुलांना निघाली, पानी कुणाचं, तर माजं. हात मोडला कुणाचा, तर तिचा. तिची पोर रोज फाटक धुते, वास जात नाय, पावनं आलं की लाजते. दारातून सुखानं पाय बाहेर टाकता येत नाय त्या घराला घर कसं म्हनाचं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर माझी बाजू मी कधी मांडली नव्हती. मी मान डोलावली, आणि घंटा वाजली.

"छान, ताई," अधिकारी म्हणाले. "तुम्हीच मान्य केलंत ते बरं झालं." शेजारच्या कारकुनाला त्यांनी सांगितलं, "लिहा, विक्रेत्यांची हरकत नाही."

"अवो थांबा! त्यो त्यांचा व्हता! माजा आता चालू व्हनार!"

"वेळ संपला, ताई. बसा."

मंजुळाताई बसल्या नाहीत. दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून. मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत सर बसले होते. मी डोळ्यांनी, हातांनी, सिस्टरांनी शिकवलेल्या सगळ्या हावभावांनी त्यांना खुणावलं, की उठा, बोला, काहीतरी करा. सर छताकडे पाहत राहिले. ज्याचं त्याने बोलायचं! त्या क्षणी मला अथेन्स, रोम आणि आपटा, तिन्हींचा मनस्वी संताप आला.

"मॅडम, मैदान मोकळं आहे," आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कानाशी कुजबुजले. "मारा सिक्सर."

मी उठले. आणि पूर्वपक्ष सुरू केला.

मी ते मुद्दाम केलं का, असं लोक अजून विचारतात. वझे सरांच्या हाताखाली एवढे शनिवार काढलेल्या बाईला दुसरं काही येतच नाही, एवढंच मी सांगते. मी सांगितलं, की हा ओटा यांच्या सासूचा. महामार्गापलीकडे सावली नाही, पाणी नाही, पायी येणारं गिऱ्हाईक नाही, आणि संध्याकाळपर्यंत न खपलेली मासळी फेकावी लागते. मग सवयीने दाराकडे पाहिलं. मंजुळाताईंची मान हलली नव्हती. मी पुढे सांगितलं, की खाडीत भराव पडले, मासळी कमी झाली, जे मिळतं ते विकायला एवढीच जागा उरली. मान हलेना.

"पान्याचा सांग, बाय!" त्या दारातून ओरडल्या.

"हो, पाण्याचं. ओट्यांना नळ दिला, पण गटार दिलं नाही. पाणी जाणार कुठे? ते खाली येतं, यात यांचा काय दोष?"

आता मान हलली. आणि घंटा वाजली.

सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने माझ्याकडे. "म्हणजे कोळीण बाई म्हणतात बाजार हलवा, आणि सोसायटी म्हणते इथेच ठेवा? तुम्ही लोक घरून ठरवून आलात का?"

"नाही हो," मी म्हटलं. "वाचनालयातून."

त्यांनी पेन खाली टाकलं. "मी उद्या सकाळी स्वतः येतो. मला काहीही कळलेलं नाही."

ते आले. आमच्या फाटकाशी प्लास्टर नुकतंच काढलेली आई, ओट्यावर मंजुळाताई, आणि दोघींच्या मधल्या उतारावरून वाहणारं पाणी, एवढं त्यांनी पाहिलं. त्यांच्या मागे, बोंबलांच्या पाटीजवळ, नाकाला रुमाल न लावता वझे सर उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. उतारावर झाकलेलं गटार झालं, ओटे जागेवर राहिले. आई पुन्हा फुलांना जाऊ लागली आणि येताना मंजुळाताईंशी भांडून येऊ लागली.

पण त्या सुनावणीनंतर, बाहेरच्या पायऱ्यांवर सरांनी आम्हाला काय म्हणावं? "दोघी नापास. स्वतःची बाजू एकीनेही मांडली नाही. अथेन्समध्ये दोघी हरला असता."

"सर," मंजुळाताई म्हणाल्या, "तुमच्या अथेन्सात बायकांना बोलू देत नव्हते ना? बरा करत. तुमच्यापायी आज माजा ओटा जाचा."

सर पायरीवर बसले. चष्मा काढला, पुसला, परत पुसला. मग त्या बारीक आवाजात म्हणाले, "मंजुळाताई, मी उठणार होतो. पाय उठले नाहीत. मला भीती वाटली, माझा आवाज तिथवर पोचणार नाही आणि तुमचं उरलंसुरलंही जाईल."

मंजुळाताई त्यांच्या खालच्या पायरीवर बसल्या. "म्हून तर आमी हावत ना," त्या म्हणाल्या. "आमचा पोचतंय."

सरांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ निघतो आहे, हे कळल्यावर त्यांनी मला फोन केला. सकाळी, मी दात घासत असताना. "तुम्ही लिहिताय म्हणे. पूर्वपक्ष आधी, बाई. मान हलल्याशिवाय स्तुती नको." आता सरांचा विरोधक कुठून आणायचा? शोधून शोधून मंजुळाताईच सापडल्या. ओट्याशी उभी राहून मी त्यांना हा लेख वाचून दाखवला. दोराचं ऐकून त्या म्हणाल्या, "कमी लिवलंस." खड्ड्याचं ऐकून म्हणाल्या, "आनखी." अखेर पायऱ्यांपर्यंत आल्यावर त्यांची मान हलली, तोवर समितीने दिलेली शब्दमर्यादा संपली होती. माझी बाजू राहूनच गेली. मी पुन्हा नापास.

माझी बाजू एवढीच होती. आवाज न पोचणाऱ्या एका माणसाने गावातल्या कितीतरी जणांना आवाज दिला, आणि त्याहून अवघड म्हणजे कान दिले. ते नसते तर माझ्या फाटकासमोर कोण बसतं, हे मला आयुष्यभर फक्त वासावरून कळलं असतं.

सत्काराच्या दिवशी शाल नको, हार नको, असं सरांचं म्हणणं. त्याऐवजी आईचं ऐकायचं ठरलं आहे. ती मंचावर मडकं घेऊन बसणार आहे. वरचं मडकं काठोकाठ भरायचं, आणि आम्ही एकेकाने उठून या ग्रंथातलं आपलं लिहिलेलं वाचायचं. तिला मी विचारलं, "आई, एवढी माणसं वाचणार. तुझं बोट दुखेल."

"दुखू दे," ती म्हणाली. "या साक्षी आहेत ना? मग वाचून होईपर्यंत पाणी हलणार नाही."

तेव्हा वाचकहो, एकच विनंती. हा ग्रंथ हातात घ्याल तेव्हा घाई करू नका. सावकाश वाचा, संपला की पुन्हा पहिल्या पानापासून वाचा, शेजाऱ्याला वाचायला द्या. आईचं बोट थकलं तर माझं आहे, माझ्यानंतर मंजुळाताईंचं आहे. सरांच्या मडक्यातलं पाणी आम्हाला आहे तिथेच हवं आहे.